काय केलं तर ठेवाल?

मागच्या रांगेतल्या पिंजऱ्यांवर ती जाड कापड ताणून बांधत होती. समोरासमोरची कुत्री एकमेकांना दिसली नाहीत तर भुंकणं कमी होईल, असं तिला वाटत होतं. सुतळीची गाठ काही केल्या बसेना. तेवढ्यात काउंटरवरच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“मॅडम, तुमचे भाऊ आलेत. कुत्री सोडायला.”

शेवटचे दोन शब्द त्यांनी जरा हळूच उच्चारले.

शहराच्या या निवाऱ्याची व्यवस्थापक म्हणून ती आली, तेव्हा एकेका पिंजऱ्यात चार-चार कुत्री कोंबलेली असायची. कोणीही यायचं, साखळी काउंटरवर ठेवायचं आणि चालू पडायचं. एकाला खोकला झाला की रांगच्या रांग आजारी. तिने तो रस्ताच बंद केला. आता प्राणी सोडायला येणाऱ्याला आधी समोरच्या खोलीत बसवायचं आणि विचारायचं, काय केलं तर तुम्ही याला घरीच ठेवाल? कोणाला औषध हवं असायचं, कोणाला घरमालकाशी दोन शब्द बोलणारं माणूस. बरेच जण प्राण्याला घेऊन परत जायचे. कर्मचाऱ्यांची कुरकुर मात्र अजून संपली नव्हती. भावासाठी आज वाट मोकळी केली, तर उद्यापासून तिचं कोणी ऐकणार नव्हतं.

भाऊ खुर्चीच्या टोकावर बसला होता. पायाशी भुरी, बाबांची म्हातारी कुत्री. तिला पाहून भुरी उठायला गेली, पण मागचे पाय घसरले, तशी परत बसली.

“फोन तरी करायचास.”

“केला असता तर नाही म्हणाली असतीस.”

ती टेबलामागे बसली, लगेच उठली, खिडकी लावून आली. भुंकणं तरीही येतच राहिलं.

“बाबांना माहीत आहे?”

“डॉक्टरकडे नेतोय म्हटलंय. बाहेर गाडीत बसलेत.”

“त्यांनाही घेऊन आलास?”

“घरी एकटं कसं ठेवू, ताई? ही दाराशी गेली की ते हिला फिरवायला निघतात. परवा चपला न घालताच गेले. पलीकडच्या गल्लीत सापडले, घर कुठलं ते सांगता येईना. ही नसली तर निदान बाहेर तरी पडणार नाहीत.” तो थांबला. “नाहीतर तू ने हिला.”

“मी दिवसभर इथे असते.”

“हो. तू इथे असतेस.”

काउंटरवरच्या बाई पाण्याचा ग्लास घेऊन आल्या आणि उगाचच खुर्च्या सरळ करत रेंगाळल्या. तिने बोटांवरचे सुतळीचे वळ चोळले. मग इतरांना शिकवला होता त्याच आवाजात तिने विचारलं,

“काय केलं तर तुम्ही हिला घरीच ठेवाल?”

‘तुम्ही’ ऐकून भावाने मान वर केली. आता हा चिडणार, असं तिला वाटलं. पण तो खरंच विचार करत होता. भुरीचा कान त्याने बोटांत धरला होता.

“शनिवार-रविवार बाबांना कोणी नेलं, तर ठेवीन,” तो म्हणाला. “मी आणि बायको कुठे एकत्र बाहेर पडलो, ते आठवतही नाही. झोप पुरी झाली, तर हिचं मुतलेलं पुसायलाही एवढं काही वाटणार नाही.”

शनिवार-रविवारीच प्राणी दत्तक घ्यायला लोक येतात, ती पद्धतही तिनेच पाडली होती. तिच्या ओठांवर ते वाक्य तयार होतं. त्या खुर्चीत येऊन बसणाऱ्या प्रत्येकाकडे असं एक वाक्य तयार असतं, आणि ते खरंही असतं.

“कोणी म्हणजे?” तिने विचारलं.

भाऊ पट्टा हाताभोवती गुंडाळत राहिला.

ती उठली. दाराशी घुटमळली.

“या शनिवारी दत्तक घ्यायला येणाऱ्यांचं तुम्हालाच बघावं लागेल,” ती बाईंना म्हणाली. “मी नसेन.”

बाहेर ऊन तापलं होतं. गाडीच्या मागच्या सीटवर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले होते. मांडीवर एका जुन्या चादरीची नीट घडी. तिने दार उघडलं, तशी त्यांनी ती घडी तिच्यासमोर धरली.

“ही आत दे. हिच्याशिवाय झोपत नाही ती.”

“बाबा, भुरीला डॉक्टरकडे...”

“असू दे गं. तो बिचारा थकलाय.” त्यांनी तिच्या खांद्यावरून निवाऱ्याच्या फाटकाकडे पाहिलं. “इथे नीट बघतात ना?”

भाऊ भुरीला उचलून पायऱ्या उतरत होता. चादर तिच्या हातातच राहिली.

“बघतात,” ती म्हणाली. मग चादर तिने भुरीसाठी सीटवर अंथरायला घेतली. “सरका जरा, बाबा.”