लाईट गयी तरी लिखेल ऱ्हाई

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. जुनी म्हणजे चार वर्षांची. आमच्यात तेवढ्यात म्हातारपण येतं. कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायच्या वहीला एडिटर म्हणतात. अक्षर केवढं ठेवायचं, समास किती सोडायचा, हे त्या वहीला मी सांगते.

माझा जन्म बमरोलीतल्या एका खोलीतला. प्रज्ञाचा लॅपटॉप सेकंडहँड. मोठा एडिटर उघडला की तो धापा टाकायचा. म्हणून तिनं एक हलका एडिटर घेतला आणि मोबाईलवर बघून बघून मला ओळीओळीनं लिहिलं. शेजारी तिची आई, चंद्रभागा, साड्यांचे धागे कापत बसायची.

“हाई काय शे वं?” हे काय आहे गं, असं आई विचारायची. प्रज्ञा समजावायची. मग आईला जे समजलं, ते आईच्याच शब्दांत माझ्यात लिहून ठेवायची. आपोआप सेव्ह करणाऱ्या ओळीपाशी आई म्हणाली, “म्हंजे लाईट गयी तरी लिखेल ऱ्हाई.” लाईट गेली तरी लिहिलेलं राहील.

अशा वाक्याआधी हॅशची खूण लागते, नाहीतर वही त्याला हुकूम समजते. प्रज्ञा खूण विसरली. वहीनं लाल अक्षरांत कांगावा केला.

“त्याले अहिराणी येत नही का?” आई म्हणाली. दोघी पोट धरून हसल्या.

पुढे प्रज्ञाला सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रोग्रामिंगचं काम मिळालं. तिथेही तिनं मला नेलं. पहिल्याच दिवशी योगेंद्रसाहेब तिच्या मागे येऊन उभे राहिले.

“अरे वा, कितना फास्ट खुलता है! किसने बनाया?”

मी ऐटीत उभी.

“नेट परथी लीधुं, सर.” प्रज्ञा गुजरातीत म्हणाली. नेटवरून घेतली, म्हणे!

“और बीच में ये कौन सी भाषा है?”

“खबर नथी, सर.” माहीत नाही, म्हणे!

साहेब गेल्यावर तिनं आईचं एकेक वाक्य पुसलं. संध्याकाळी घरच्या लॅपटॉपवरचंही.

“मन्ही ओळ शे ना वं?” माझी ओळ आहे ना गं, असं आईनं धागे कापता कापता विचारलं.

“शे ना, माय.” प्रज्ञानं मान वर केली नाही.

आईला वाचता येत नाही. मला बोलता येत नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधी अशी वही मांडाल. हलकी ठेवा, जपून वापरा. पण ती कुणी केली असं कुणी विचारलं, तर शेजारी बसलेल्या माणसाचंही नाव घ्या.

मी अजून चालते. आपोआप सेव्ह करते. त्या संध्याकाळचं पुसणंही मीच, लगेच, सेव्ह केलं.

लाईट तर गेलीच नव्हती.