आकतेरेकची अकरा मिनिटं

मेदेरबेकच्या घरात सोव्हिएत काळातले तीनशे सिनेमे होते, आणि त्यांतला एकही नावाजलेला नव्हता. नावाजलेले सगळेच जपतात. याचा जीव गुंतायचा टाकून दिलेल्यांत. सगळ्यांत लाडकं रीळ होतं मेंढ्यांना औषधाच्या पाण्यात कसं बुडवावं याचं. अकरा मिनिटं. जगात ही एवढीच प्रत. फीत आकसलेली, आंबट वास सुटलेला. पुढच्या महिन्यात राजधानीत, बिश्केकला, तिची नक्कल व्हायची होती. तोवर तिला यंत्रावर चढवायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

पण ते रीळ आकतेरेक गावात काढलंय, हे तिथल्याच सैकाल आपाच्या कानावर गेलं. आकतेरेक पन्नास वर्षं धरणाच्या पाण्याखाली. आपाची आई तिथेच पुरलेली.

"नक्कल येऊ दे आपा, मग दाखवतो."

"महिनाभर? माझीच फीत तुटायला आलीय मेल्या!"

नव्वदीच्या बाईचं ऐकावंच लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडक्यांना लोकरीचे जाड नमदे लावले. धरणामुळे त्या गावातून उठलेली म्हातारी माणसं दाटीवाटीने बसली. भिंतीवर मेंढ्या आल्या, न्हाल्या, अंग झाडत गेल्या.

"तो बघा जुमाश! काठी उलटी धरलीय."

"जन्मभर उलटीच धरली त्यानं!"

मग कळप टेकडीवर चढला आणि मातीच्या कबरी दिसल्या. क्षणात सगळ्यांचे तळवे दुव्यासाठी वर झाले, जसे वाटेवर कबरस्तान लागलं की होतात. मेदेरबेक बघतच राहिला. चाळीस वर्षं त्याने सिनेमे पाहिले. सिनेमातल्या वाटेने आपण खरंच चाललोय असं वागताना कुणाला पाहिलं नव्हतं.

"थांबव रे," आपा म्हणाली. "आई आहे तिथे. चार शब्द तरी बोलू दे."

"थांबलं की दिव्याच्या आचेनं जळतं, आपा."

"मग लवकर बोलते."

त्याचा हात बटणाशी अडला. मग त्याने यंत्र थांबवलं.

टेकडी स्थिर झाली. वाऱ्याने वाकलेलं गवत वाकलेलंच राहिलं. आपाचा दुवा सुरू झाला, पाळण्यातल्या बाळाशी बोलावं तसा हलका. कडेने तपकिरी फोड उठला, फुगला, एकेक कबर गिळत गेला. एकही तळवा खाली आला नाही. आपले हात कधी वर गेले, मेदेरबेकला कळलं नाही.

"आमीन."

तळवे चेहऱ्यांवरून उतरले. भिंतीवर नुसता पांढरा उजेड होता, आणि त्याच्याकडे पाठ करायला कुणी धजेना.