अर्धी तपासणी

डॉक्टर गोरक्षला आपल्या बहिणीची लाज वाटायची. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढं तुम्ही त्याच्या हुशारीचं कौतुक करत बसाल.

हुशार तो होताच. नाशिकच्या जनावरांच्या रोगतपासणी प्रयोगशाळेत डुकरांच्या तापावर काम करणारा तो एकटाच. बाकीच्यांना गाई-म्हशी हव्या असत. डुकराचं काही आलं की नाकाला रुमाल लावून म्हणत, "गोरक्षकडं द्या." तो हसून घेई. नासर्डीच्या काठी डुकरं पाळणाऱ्या वस्तीत आपण वाढलो, थोरल्या बहिणीनं, सगुणाबाईनं, डुकरं विकून आपल्याला डॉक्टर केलं, याबद्दल त्यानं तिथं कधी अवाक्षर काढलं नव्हतं. "गावाकडं शेती आहे," एवढंच सांगे. शेती कसली आलीय कपाळाची!

१९८१ च्या उन्हाळ्यात वस्तीत डुकरांची पिल्लं पटापट मरायला लागली. सगुणाबाई एक मेलेलं पिल्लू पाटीत घालून, वर पोतं झाकून, थेट प्रयोगशाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. गोरक्ष आणि त्याचे वरिष्ठ देवस्थळी नेमके व्हरांड्यात चहा पीत होते.

"कोण बाई आहे ही?" देवस्थळींनी विचारलं.

"असेल वस्तीतली कुणी," गोरक्ष म्हणाला.

सगुणाबाईनं ते ऐकलं. ओठावर आलेलं 'गोरख' हे घरचं नाव तिनं गिळलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "साहेब, पिल्लं मरत्यात. येवढं बघा जरा. पोरीचं लगीन तोंडावर हाय."

पिल्लाचा आणि लग्नाचा काय संबंध, ते देवस्थळींना कळलं नाही. गोरक्षला कळलं. त्यांच्या वस्तीत मुलगी सासरी जाताना तिच्याबरोबर एक गाभण डुकरीण देत. सासरी ती व्याली की पिल्लं सुनेची, त्यांवर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. सगुणाबाईनं आपल्या सिंधूसाठी राखलेली डुकरीण पिल्लं मरत होती त्याच खोपटात होती. दिसायला धडधाकट होती. ती द्यावी की नाही, एवढंच सगुणाबाईला विचारायचं होतं.

गोरक्षला पहिली शंका आली ती डुकरांच्या तापाची. हा ताप मोठा लबाड. एरवी विषाणू आत शिरला की पेशी गप्प बसत नाही. शेजारच्या पेशींना सावध करणारा एक पदार्थ ती सोडते, इंटरफेरॉन म्हणतात त्याला. शरीराचा हा पहिला पहारा. त्या त्या रोगासाठीची खास प्रतिकारशक्ती तयार व्हायला वेळ लागतो, तोवर भिस्त या पहाऱ्यावरच. डुकरांच्या तापाचा विषाणू आत येतो आणि पहारेकऱ्याचंच तोंड दाबून धरतो. पेशीला मात्र ओरखडाही काढत नाही. त्यामुळं बाटलीत वाढवलेल्या डुकराच्या पेशींवर तो घातला, तरी सूक्ष्मदर्शकाखाली सगळं छान दिसतं. त्याला पकडायचं तर वरून दुसरा विषाणू सोडावा लागतो, कोंबड्यांच्या राणीखेत रोगाचा. निरोगी पेशी त्याला बऱ्यापैकी तोंड देतात. ज्यांचा पहारा आधीच गप्प केलेला असतो, त्या मात्र धडाधड मरतात. गोरक्षला हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

त्यानं पिल्लाची प्लीहा काढली, वाटली, बाटल्यांतल्या पेशींवर घातली आणि सगुणाबाईला पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. ती आली. सकाळपासून फाटकाशी बसून राहिली. दुपारी शिपाई फकिरा आत येऊन हसत म्हणाला, "साहेब, त्या बाईचं नाक बघितलं का? हुबेहूब तुमच्यावाणी हाय!"

तो गंमत करत होता. पण गोरक्ष तडक उठला. त्यानं घाईनं बाटल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. पेशी स्वच्छ. राणीखेतची पायरी अजून व्हायची होती, आणि ती करायची म्हणजे ही बाई पुन्हा येणार, पुन्हा फाटकाशी बसणार, पुन्हा कुणीतरी तिचं नाक बघणार. तो तसाच बाहेर गेला.

"ताप नाही," तो इकडं तिकडं बघत म्हणाला. "पोटात जंत झाले असतील. डुकरीण खुशाल द्या. आता परत यायची गरज नाही."

"बरं साहेब," सगुणाबाई म्हणाली. मग अगदी हळू, "लग्नाला येशील ना रं?"

"बघतो."

तो गेला नाही. मांडवात मामाच्या जागी सिंधूचा एक चुलता उभा राहिला.

नंतर देवस्थळींनी निकाल विचारला म्हणून गोरक्षनं उरलेल्या बाटल्यांत राणीखेतचा विषाणू घातला. पेशींचा सगळा थर मरून बाटलीच्या तळापासून सुटला. ताप होता. तोवर डुकरीण सिंधूबरोबर नांदगावला गेली होती. आता कळवून काय उपयोग, असं त्यानं स्वतःला समजावलं. उपयोग होता. डुकरिणीला वेगळं बांधता आलं असतं, बाकीच्यांना लस टोचता आली असती. पण कळवायचं तर आपण कोण म्हणून कळवायचं? या एका प्रश्नापायी शिकलेला माणूस महिनाभर तोंड शिवून बसला.

मग सगुणाबाई परत आली. यावेळी फाटकापासून लांब, रस्त्यापलीकडं उभी राहिली. गोरक्ष घरी निघाला तेव्हा तिनं त्याला गाठलं.

"सिंधूच्या सासऱ्याची समदी डुकरं मेली," ती म्हणाली. "पोर पांढऱ्या पायाची हाय म्हणत्यात. उद्या चार माणसं बसवून तिला माघारी धाडायचं ठरवनार हायेत. साहेब, कोणी डाक्टर येऊन सांगंल का, की हा रोग हाय, पोरीचा पाय नाय? तुमी नका येऊ. तुमचं नाव नाय घेणार मी. दुसरं कोणी बी चालंल."

रस्त्यावर दुसरं कुणीच नव्हतं. तरी ती त्याला साहेब म्हणाली. गोरक्षला वाटलं, हिनं आपल्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं मनमाडवरून नांदगावला पोचला. सिंधूचे सासरे कोंडाजी यांच्या अंगणात माणसं जमली होती. मागचं खोपट रिकामं, त्यात चुना मारलेला. सिंधू दाराआड उभी होती. सगुणाबाई भिंतीला टेकून खाली बघत होती.

"हा डुकरांचा ताप आहे," गोरक्ष म्हणाला. "तो शरीराचा पहाराच बंद पाडतो, म्हणून आजारी जनावर आधी धडधाकट दिसतं. यात मुलीचा काही दोष नाही."

"आधी कळतच नाय व्हय?" कोंडाजींनी विचारलं.

"कळतं. तपासणी माझ्याकडंच आली होती. मी ती अर्धीच केली आणि डुकरीण द्या म्हणून सांगितलं. मागून पुरी केली, तेव्हा ताप निघाला. तरी तुम्हाला कळवलं नाही."

"का?"

गोरक्षनं घाम पुसला. "आणणारी बाई माझी बहीण आहे. लोकांना ते कळेल याची मला लाज वाटत होती."

कोंडाजी सगुणाबाईकडं वळले. "हे पोरीचे मामा? तुम्ही तर म्हणाल्या, भाऊ लय लांब नोकरीला हाय, रजा भेटली नाय."

सगुणाबाईनं मान आणखी खाली घातली.

"कुठं असता तुम्ही?" कोंडाजींनी विचारलं.

"नाशिकला," गोरक्ष म्हणाला.

कोंडाजींनी त्याच्याकडं नीट बघून घेतलं. मग जमलेल्यांना म्हणाले, "उठा आता. पोर राहील हितंच. तिचा काय गुन्हा नाय."

माणसं उठली. सगुणाबाईनं तोंडात पदर धरला आणि ती रडायला लागली. दाराआडून सिंधू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. लहानपणी हिला खांद्यावर बसवून नासर्डीवर नेलं होतं, ते गोरक्षला आठवलं. तो तिच्यासाठी उठून उभा राहिला. पण या माणसाला चारचौघांत काय म्हणायचं, ते आईनं तिलाही नीट शिकवून ठेवलं होतं.

डोक्यावरचा पदर सावरून तिनं तांब्या पुढं केला आणि म्हणाली, "पाणी घ्या, साहेब."