हादिया खालाचं दूध

फरासान बेटावरची आमची दोन आठवड्यांची सुट्टी त्या दिवशी संपत होती. चारची बोट, सामान बांधून अंगणात, आणि दुपारच्या नमाजनंतर माझ्या जुबरानचा साखरपुडा. मुलगी घरचीच, माझ्या नणंदेची, गालियाची रहमा. सुट्टीभर दोघांचं भिंतीआडून भांडण चाललेलं. ती पलीकडून ओरडायची, "जेद्दात राहून मासा साफ करायलाही विसरलास का रे?" आणि हा इकडे एकटाच हसत बसायचा. सव्वीस वर्षांत मी पोराला असं हसताना पाहिलं नव्हतं. म्हटलं, चला, एकदाचा मार्गी लागला.

गालियाशी माझं कधी फारसं पटलं नाही. रहमा झाली तेव्हा गालिया दोन महिने जिझानच्या दवाखान्यात होती, आणि पोर शेजारच्या हादिया खालाच्या दुधावर वाढली. यावरून मी गालियाला इतकी वर्षं टोमणे मारत आले. "माझ्या जुबराननं माझ्याशिवाय कुणाचा थेंब घेतला नाही हो," असं. उगाच बोलायची सवय.

हादिया खाला महिनाभर लेकीकडे होती. सकाळच्या बोटीनं परतली आणि थेट आमच्यात येऊन बसली. आम्ही बायका मोगऱ्याचे गजरे ओवत होतो.

"कुणाचं काय आहे?" तिनं विचारलं.

"रहमाचा साखरपुडा. आमच्या जुबरानशी."

तिनं चहाचा पेला खाली ठेवला. "असं कसं करता? दोघंही माझ्या दुधाची आहेत. भावंडं आहेत ती."

एका बाईचं दूध दोन लेकरांनी पाच-पाच वेळा पोटभर प्यालं, की ती आमच्यात सख्खी भावंडं. त्यांचं लग्न होत नाही. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

"खाला, तुझा घोळ होतोय," मी म्हणाले. "मला ताप आला होता तेव्हा तू त्याला एक रात्र पाजलंस. एकच."

"आठ दिवस, साल्हा. रोज पहाटे येत होते मी. तुला शुद्ध तरी होती का?"

"एक रात्र."

"आठ दिवस, बाई."

गालियानं हातातला गजरा बाजूला ठेवला. "वहिनी, तुम्ही तर म्हणायचात थेंबसुद्धा नाही. आता एक रात्र निघाली. बोट सुटेपर्यंत महिना निघेल."

मी दारातून नवऱ्याला हाक मारली. "अहो, तुम्ही तरी सांगा."

"मी तेव्हा समुद्रावर होतो," तो म्हणाला. याचं नेहमीचंच. घरात काही महत्त्वाचं घडलं की हा समुद्रावर.

आणि मग मलाच काही कळेना. एक रात्र हे मला आठवत होतं, की मनाला सांगून सांगून तसं झालं होतं? ताप आठवत होता. पडदा लावलेला, पलीकडे माझं लेकरू चुटूचुटू पीत होतं, आणि मला भयंकर राग आला होता. राग अगदी पक्का आठवतो. तो एकदा आला की रोज येत होता, ते मात्र काही केल्या आठवेना. डोकं धरून बसले.

शेवटी मशिदीच्या इमामांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "खाला खात्रीनं सांगते आहे. आई काय म्हणते? पाच वेळांच्या आतच, असं छातीवर हात ठेवून सांगता येईल?"

दाराबाहेरून जुबरान म्हणाला, "आई, जे आठवतं तेच सांग."

मला फक्त हो म्हणायचं होतं. म्हणणारच होते. पण समोर हादिया खाला ओढणीनं डोळे पुसत होती, "मला तरी कुठं हे हवंय गं" म्हणत.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. म्हणून झाल्यावर कळलं की हे मी म्हणाले.

मग इमाम म्हणाले, "मग सोडून द्या. भावंडं समजा त्यांना."

गालियानं एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. साखरपुड्यासाठी केलेला भात तिनं आमच्या डब्यात भरून दिला.

तीनला गाडी दारात आली. जुबरान माशांच्या पेटीला दोरी बांधत होता, तेवढ्यात रहमा घरातून बाहेर आली आणि त्याच्या पुढ्यात उभी राहिली. तिनं नकाब काढला होता. ती बारा वर्षांची झाल्यापासून त्यानं तिचा चेहरा पाहिला नव्हता. साखरपुड्याआधी आज तो बघणार होता.

"बघ ना," ती म्हणाली. "भावासमोर कसला पडदा?"

त्यानं वर पाहिलं. मला वाटलं, आता हा रडतोय. पण तो म्हणाला, "नाक अजून तसंच आहे गं तुझं," अगदी भावानं चिडवावं तसं. रहमा हसली.

त्यानं परत दोरी हातात घेतली, ती तशीच सोडली.

"जा, झाकून घे," तो म्हणाला. "मला नाही जमायचं."