दोनदा दिसलेला दिवस

मी सामायिक दिनदर्शिका बोलतेय. आधी तीन पडद्यांत राहत होते, आता दोनच उरलेत. तिसरा दगडी पाट्यावर आपटून फुटला, तेव्हा मी आतच होते.

माझा जन्म गियान्यार शहराजवळच्या एका गावात, सुकेर्ती नावाच्या विधवेच्या टॅबलेटमध्ये झाला. तिचा थोरला मुलगा आस्तिका घरी राहून झुंजीचे कोंबडे पाळायचा, धाकटा विर्या जहाजावर स्वयंपाकी. तिघांची खाती तीन वेगवेगळ्या कंपन्यांची, पण मी सगळ्यांची. एकाने लिहिलं की तिघांकडे उमटायचं, एकाने पुसलं की तिघांकडचं जायचं. हे दुसरं मात्र कुणाच्या लक्षात राहत नसे.

विर्या सुट्टीत मोटारसायकलवरून फेकला गेला, तेव्हा मांडीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. सुकेर्तीने घरच्या देवळापुढे हात जोडले. "पोर पायावर उभं राहू दे. तुझ्या दिवशी दोघे भाऊ भाजलेलं अख्खं डुक्कर खांद्यावरून आणतील."

पोर उभं राहिलं, परत जहाजावर गेलं.

देवळाच्या उत्सवाचा तो दिवस इथल्या पंचांगाप्रमाणे दर दोनशे दहा दिवसांनी येतो. सुकेर्तीने भिंतीवरचं कॅलेंडर बघून, बोटांवर मोजून तो माझ्यात घातला. तिकडे विर्यानेही घातला. त्याच्या फोनात महिन्यांचीच सोय, म्हणून त्याने 'दर सात महिन्यांनी' निवडलं. ते तीन दिवस पुढे गेलं. आता एकाच नावाच्या दोन नोंदी तिघांकडे दिसू लागल्या.

आस्तिकाला त्या दिसल्या तेव्हा तो झुंजीच्या रिंगणाच्या कडेला बसून कोंबड्याच्या पायाला पातं बांधत होता. समोर दुसरा कोंबडा पोट फाटून तडफडत होता. "सगळं दोनदोनदा दाखवतंय हे," असं शेजाऱ्याला म्हणत त्याने रक्ताळल्या अंगठ्याने वरची नोंद पुसली. तीच खरी होती. मला तोंड असतं तर तेव्हाच ओरडले असते.

भिंतीवरच्या कॅलेंडरातला दिवस उगवला. भर समुद्रात विर्याला फोन लागत नसे, पण दिवस माझ्याकडे आहे असं समजून सुकेर्ती निर्धास्त होती. संध्याकाळपर्यंत विर्या आला नाही. डुक्कर ओवलेल्या बांबूचं एक टोक आस्तिकाने उचललं, दुसरं आईनेच. उकळती चरबी तिच्या खांद्यावर गळत राहिली. तिने बांबू खाली ठेवला नाही.

तीन दिवसांनी विर्या पिशव्या घेऊन हसत आला, आईला म्हणाला, "मेमे, भूक लागलीय. माझं डुक्कर कुठंय?"

"कुत्र्यांनी खाल्लं," आस्तिका म्हणाला. "तुझाच वाटा होता." आणि त्याच्या तोंडावर ठोसा मारला. दात अंगणात पडला.

"ब्ली, आजच तर आहे, हे बघ की," विर्याने थोरल्या भावापुढे फोन धरला. आस्तिकाने तो हिसकून पाट्यावर आपटला. विर्याने डोकं हाणून भावाचं नाक फोडलं. मग आस्तिकाने मांस तोडायचा सुरा उचलला.

सुकेर्तीकडून नेहमी काहीतरी चुकून पुसलं जायचं, त्यामुळे पुसलेलं कुठे जाऊन पडतं ते तिला ठाऊक होतं. टॅबलेटवर माझी कचरापेटी उघडून ती सुऱ्यासमोर उभी राहिली. सुऱ्याचं टोक माझ्या काचेला टेकलं.

"वाच," ती म्हणाली.

काचेवर लिहिलं होतं: देवळाचा दिवस. पुसणारा, आस्तिका.

"माझा खांदा तुझ्या अंगठ्याने भाजलाय बाबा. आता सांग, कापायचं कुणाला?"

सुरा सुटून त्याच्याच पावलावर पडला. रक्त आलं, पण त्याने पाय मागे घेतला नाही.

"विर्या," तो म्हणाला, "माझा फोन घेऊन जा. मी आईच्यात बघत जाईन."

सुकेर्ती देवापुढे बसली. "अजून दोनशे सात दिवस धीर धर रे. पोरं माझीच आहेत, येतील." विर्याची चुकीची नोंद पुसून पुढचा दिवस तिने माझ्यात घातला, या वेळी एकदाच. दोन्ही पोरांना समोर बसवून तारीख मोठ्याने वाचून घेतली.

आज त्याला चार दिवस उरलेत. विर्याचं जहाज बंदराला लागलंय. आस्तिका लंगडत बांबू सोलतोय, आणि त्याची आई दोन्ही टोकांना जाड कापड गुंडाळतेय.

बाबांनो, माझ्यात एखादा दिवस दोनदा दिसला, तर अंगठा टेकवण्याआधी घरात विचारा. त्यातला एक कुणाचातरी नवस असेल.