घरच्या लग्नाच्या तबकड्या

हिवाळा सरत आला असताना, साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्या सकाळी, बाजाराच्या मुख्य रस्त्यामागील गल्लीतल्या एका फोटो स्टुडिओच्या आतल्या खोलीत, दोन भावांपैकी धाकट्याने थोरल्याच्या मुलीच्या लग्नाच्या फोटोंच्या तबकड्या, म्हणजे डीव्हीडी, पेटीत भरायला घेतल्या. खोलीला खिडकी एकच, तीही उत्तरेकडची. तिच्यातून दिवसभर एकसारखा, न बदलणारा उजेड येत असे. टेबलावर पांढरे सुती हातमोजे, मऊ फडके, लेबलांचे कोरे कागद आणि तबकड्यांची चळत होती. शेजारी निळ्या मखमलीचे अस्तर लावलेली पेटी उघडी ठेवली होती. दुकानातली सर्वांत महाग पेटी ती. एरवी ती फक्त काचेच्या कपाटात मिरवत असे.

थोरल्याने दारातून डोके आत घातले.

"झालं का रे? ठमी संध्याकाळी येतेय. जावई कामावर अडकलाय, एकटीच येईल."

"होईल."

"आणि तबकडीच्या मधलं ते भोक सांभाळ. त्या डॉक्टरच्या लेबलात भोक थेट नवऱ्याच्या तोंडावर आलं होतं, आठवतंय ना? बायको म्हणाली, राहू द्या, असाच बरा दिसतो."

"ते लेबल तू केलं होतंस, दादा."

"मीच! म्हणून तर हे काम तुझ्याकडे. तुझा हात लेबलाला चांगला." असे म्हणून तो हसत पुढच्या खोलीत गेला.

हे वाक्य धाकटा स्टुडिओ सुरू झाल्यापासून ऐकत आला होता. दोघेही एकाच उस्तादापाशी कॅमेरा शिकले. परंतु दुकानाच्या पाटीखाली उभे राहण्याचा मान थोरल्याला मिळाला आणि आतल्या खोलीतले टेबल धाकट्याला. ह्यावरून त्याचा भावावर राग असेल असे कोणाला वाटेल, तर ते चूक आहे. टेबलाचे त्याला दुःख नव्हते. तबकडी कडेने धरावी, चकचकीत बाजूला बोट लागू देऊ नये, लेबल मधून कडेकडे दाबत न्यावे म्हणजे फुगा राहत नाही, ह्या गोष्टींत त्याचे मन रमत असे. राग निराळ्या कारणासाठी होता, आणि त्या रागाला कारण इतके पुरेसे होते की त्याला दुसऱ्या कशाची जोड देण्याची गरज नव्हती.

धाकट्याच्या स्वतःच्या लग्नाचे फोटो थोरल्याने काढले होते. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे लग्न होते, आणि ऐन वेळी कॅमेऱ्याची कार्डे कमी पडली. दुकानाचा नियम पक्का होता: तबकड्या तयार होऊन पेटी बंद झाल्याशिवाय कार्ड पुसायचे नाही. नियम थोरल्यानेच केला होता आणि त्यानेच तो त्या सकाळी मोडला. भावाच्या लग्नाचे कार्ड त्याने पुसले आणि बॅग खांद्याला लावून तो बाहेर पडला. परत आल्यावर म्हणाला, "घरचंच तर होतं रे. गिऱ्हाइकाला काय सांगणार होतो? एखाद्या रविवारी तुम्हा दोघांना पुन्हा नटवू आणि झकास काढू." तो रविवार आला नाही. कधी गिऱ्हाईक, कधी पाऊस, कधी वहिनीचे माहेर. मग धाकट्याची बायको तापाने आजारी पडली आणि महिन्याभरात गेली.

तिचा एकच फोटो उरला, कामावरच्या ओळखपत्रावरचा, अंगठ्याच्या नखाएवढा. भिंतीवर लावण्यासाठी धाकटा तो मोठा करू लागला. ह्याच खोलीत, ह्याच संगणकावर. चेहरा वाढत गेला तसे डोळ्यांचे चौकोन झाले, ओठांचे चौकोन झाले. मागे उभा असलेला थोरला जाणकाराच्या आवाजात म्हणाला, "एवढा ताणू नकोस, फुटतोय."

माणूस एका वाक्यासाठी वर्षानुवर्षे वैर धरू शकतो का, असा प्रश्न कोणी विचारील. धरू शकतो. अट एवढीच की ते वाक्य खरे असावे, आणि ज्याच्यामुळे ते खरे ठरले त्यानेच ते उच्चारावे. धाकट्याने त्या दिवशी संगणक बंद केला, भावाबरोबर जेवायला घरी गेला, पानात वाढलेले सगळे खाल्ले आणि वाट पाहू लागला.

ठमीचे लग्न ठरले तेव्हा थोरला म्हणाला, "घरच्या लग्नाला बाहेरचा कॅमेरा कशाला? तू काढ. मी बापाच्या कामात असणार." पाहुण्यांनी मोबाइल खिशातच ठेवावेत, हाही त्याचाच हट्ट, गिऱ्हाइकांच्या लग्नातही तो असेच बजावत असे, कारण मोबाइलचे दिवे उजेडाचा सत्यानाश करतात. अशा रीतीने त्या लग्नाचे सगळे दिसणे एकट्या धाकट्याच्या हाती आले. त्याने ते मागितले नव्हते. दिले गेले, म्हणून घेतले.

आणि त्याने फोटो उत्तम काढले. हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. काम बिघडवून उगवलेला सूड म्हणजे केवळ वाईट काम. त्यात सूड घेणाऱ्याचीच अब्रू जाते. ठमी आरशासमोर बसली असता तिच्या मानेवर पडलेला तिरपा उजेड, वहिनी कोणालातरी रागावताना अर्ध्यात हसलेली, नवऱ्यामुलाच्या बुटाची सुटलेली नाडी बांधणारा त्याचा म्हातारा आजोबा. एकेक फोटो असा होता की पुढच्या खोलीत टांगला तर गिऱ्हाईक रस्त्यावरून आत यावे.

सूड निवडीत होता. गेले काही दिवस धाकटा संगणकापुढे बसून एकेक फोटो तपासत होता आणि ज्यात थोरला होता तो पुसत होता. मुलीच्या लग्नात बाप कुठेच दिसू नये, एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती. जिथे फोटो काढून टाकणे शक्य नव्हते तिथे त्याने कड कापली: घरच्यांच्या रांगेत थोरला शेवटी उभा होता, ती रांग वहिनीपाशी संपली. ठमीच्या खांद्यावर ठेवलेला एक हात मनगटापाशी दिसत होता. चौकट बोटभर आत घेताच तोही गेला.

एका फोटोपाशी मात्र तो थांबला. निघण्याच्या वेळचा. गाडीची काच अर्धी खाली, आत ठमी, आणि थोरल्याने काचेच्या कडेवर कपाळ टेकलेले. दोघांच्या चेहऱ्यांमध्ये काचेची एक रेघ तेवढी चमकत होती. धाकट्याने जन्मात असा फोटो काढला नव्हता, आणि पुढेही त्याच्या हातून असा निघणार नाही हे त्याला समजत होते. खोलीत कोणी नव्हते. त्याने चहा मागवला, प्यायला, कप बाजूला ठेवला आणि फोटो पुसला.

आता फक्त टेबलावरचे काम राहिले होते. लेबलासाठी त्याने वधूवरांचा असा फोटो घेतला की भोक बरोबर दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत यावे. हातमोजे चढवून त्याने लेबल तबकडीवर ठेवले, फडक्याने मधून कडेकडे दाबत नेले, उजेडाकडे धरून पाहिले. फुगा नव्हता. एक संच मुलीच्या घरासाठी, एक माहेरासाठी. दोन्ही मखमलीत बसवले, वर पातळ कागद घातला, पेटी मिटली, फीत बांधली. पेटी बंद झाल्यावर, नियमाप्रमाणे, त्याने कॅमेऱ्याची कार्डे पुसली आणि संगणकावरची प्रतही. ह्या खेपेला नियम अक्षरशः पाळला गेला.

संध्याकाळी ठमी आली. बरोबर वहिनी. गिऱ्हाइकाने पेटी नेण्याआधी तबकडी दुकानाच्या पडद्यावर पाहून घ्यायची, ही पद्धत. थोरल्याने ती घरच्यांसाठीही मोडली नाही. फीत सोडली गेली. मायलेकी खुर्च्यांवर बसल्या, थोरला मागे हात बांधून उभा राहिला आणि धाकटा भिंतीला टेकून फक्त भावाच्या तोंडाकडे पाहू लागला.

"अगं बाई, माझे केस!" वहिनी म्हणाली. "भावजी, सांगायचं तरी. झाडूसारखे दिसतायत."

"वहिनी, तुम्ही रागावत होतात तेव्हा. मध्ये बोलायची कोणाची छाती?"

"आणि हा आजोबा बघा," ठमी म्हणाली, "नाडी बांधतोय! हे मला माहीतच नव्हतं."

थोरला पडद्याकडे एकटक पाहत होता. त्याचे डोळे बारीक झाले होते. धाकट्याच्या छातीत काहीतरी गोड दुखू लागले. घरच्यांची रांग आली, वहिनीपाशी संपली, गेली. निघण्याची वेळ आली. गाडी आली, काच आली, काचेआडची ठमी आली. पडदा काळा झाला.

"वा," थोरला म्हणाला. "मानेवरचा तो उजेड! मला जमला नसता. खरं सांगतो, मला जमला नसता. बांध पेटी."

धाकट्याला वाटले, आपण नीट ऐकले नाही.

"दादा, काही राहिलं का बघ."

"काय राहायचंय? सगळं आलंय की."

आणि तेव्हा धाकट्याला आपली चूक उमगली. कोणताही माणूस फोटोंत सर्वांत आधी स्वतःला शोधतो, हे त्याने गृहीत धरले होते. ते इतर साऱ्या जगाला लागू असेल. जो माणूस आयुष्यभर लग्नांना जाऊन एकाही लग्नात दिसला नाही, त्याला फोटोत स्वतः नसणे हीच नेहमीची स्थिती. थोरल्याने उजेड पाहिला, चौकट पाहिली, माणसे पाहिली. स्वतःला त्याने शोधलेच नाही. इतकी वर्षे धार लावून ठेवलेली सुरी धाकट्याने चालवली होती आणि ज्याच्यावर चालवली तो तिची तारीफ करीत होता.

"बाबा कुठायत?" ठमीने विचारले.

"हा काय, मागे उभा आहे."

"इथे नाही. फोटोत."

थोरला हसला. "मी कुठला फोटोत? मी कॅमेऱ्यामागे."

"तुम्ही कॅमेऱ्यामागे नव्हता, बाबा. काका होता." ती उठून उभी राहिली. "काका, पुन्हा लाव."

धाकट्याने पुन्हा लावले. ह्या वेळी कोणी केसांविषयी बोलले नाही. रांग वहिनीपाशी संपली तेव्हा वहिनीने पडद्यावर बोट ठेवले आणि हळूच म्हणाली, "हे इथे उभे होते. माझ्या शेजारी."

"कार्डावर असतील," ठमी म्हणाली. "कार्ड काढ."

"कार्ड पुसलं. पेटी बंद झाली की पुसायचं. दादाचाच नियम आहे."

आता थोरल्याने मान वळवली आणि भावाकडे पाहिले.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"कशासाठी रे?"

"घरचंच तर होतं," धाकटा म्हणाला. "पुन्हा नटवू आणि झकास काढू. एखाद्या रविवारी."

थोरल्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही. तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. वहिनीला सगळे आठवले असावे, कारण तिने तोंडावर हात नेला. "धाकटीसाठी," ती पुटपुटली. "अजून? भावजी, अजून?"

"तिचा एक तरी फोटो दाखवा मला, वहिनी, मग अजून का ते विचारा."

थोरला पडद्याकडे वळला. मग त्याने असे काही विचारले की जे फक्त फोटो काढणारा माणूस विचारील.

"गाडीपाशी, मी काचेला डोकं लावलं होतं. तू समोर होतास. तो आला होता का?"

"आला होता."

"कसा आला होता?"

धाकट्याने उत्तर देण्याची घाई केली नाही. हा क्षण त्याच्या हिशेबात नव्हता, अनायासे मिळत होता, आणि तो त्याने पुरता चाखला.

"मी आजवर काढलेल्या सगळ्यांत चांगला. तुझ्याही सगळ्यांपेक्षा चांगला. दोघांचे चेहरे, मध्ये काचेची नुसती रेघ. मी तो चहा पिऊन पुसला, दादा."

थोरला मग बसला. त्याने चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरला. ज्याला स्वतःचे नसणे दिसले नव्हते, त्याला तो चांगला फोटो गेलेला स्पष्ट दिसला. धाकट्याने ते पाहिले, आणि त्याचे समाधान झाले. एवढ्या वर्षांत प्रथमच त्याला पोटभर जेवल्यासारखे वाटले. बायकोचा चौकोनी झालेला चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि त्याने भावाला काहीही दिले नाही: ना सांत्वन, ना शिवी.

ठमी मात्र बापाकडे पाहत नव्हती. तिची नजर काकावर होती. लहानपणी ती ह्याच माणसाच्या मांडीवर बसून बिघडलेल्या तबकड्यांचे आरसे करीत असे, आणि लग्नाच्या दिवशी कॅमेरा जिथे जिथे वळला तिथे तिथे ती न लाजता हसली होती, कारण कॅमेऱ्यामागे कोण आहे हे तिला ठाऊक होते.

"काका, मी तुला काय केलं होतं?"

"तू काही नाही केलंस, ठमे. हे तुझ्यासाठी नव्हतं."

"तो फोटो बाबांचा होता, तेवढाच माझा होता. काचेच्या आत मी होते."

धाकटा पेटीची फीत बोटांभोवती गुंडाळू लागला. युक्तिवादात तो कधी हरत नसे. जेवताना भावाशी, दुकानात गिऱ्हाइकाशी, तो प्रत्येक मुद्दा शेवटपर्यंत लढवीत असे. हा मुद्दा त्याला पटला, आणि तरीही आपण केले ते पुन्हा करू, हेही त्याला त्याच क्षणी माहीत होते.

"बाबांनी काय केलं होतं ते मला आईनं सांगितलंय," ठमी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "त्यांनी विचार न करता पुसलं. फार वाईट केलं. तू एकेक बघून पुसलंस. तुझं जास्त वाईट आहे, काका."