हाड गप्प झालं तेव्हा

मित्रांनो, मी मांती उकडायचा एक जुना टोप आहे आणि मुळातच भित्रा आहे. माझ्या पोटात पाणी असतं, डोक्यावर भोकाभोकांच्या चाळण्या आणि त्यांत मांती, म्हणजे मटण-भोपळा भरून मोदकासारख्या वाफवायच्या पुरचुंड्या. पाणी आटलं की काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. माझा जोडीदार कोरडा तापला आणि त्याचा तळ शेगडीवर गळून पडला. त्याला भंगारात नेताना कोणी वळूनही पाहिलं नाही.

मी कुलाश आपांच्या घरी लग्नकार्यांत, ईदेला खूप राबलो. पाहुणे आपांच्या हाताची तारीफ करत, माझं नाव कोणी काढलं नाही. पण आपा मला जपत. पाण्यात मेंढीच्या घोट्याचं हाड टाकत, पोरं खेळतात तसलं. पाणी उकळलं की ते खडखडे. पाणी आटून खडखड थांबली की आपा पाणी ओतत. त्या आवाजाच्या भरवशावर मी जगलो.

मग शहरात वाढलेली सून आली, झानेरके. आपांनी तिला मांती शिकवायला घेतल्या.

"अगं, पारी कडेला पातळ, मध्ये जाड. फाटली तर रस जाईल. मग पाहुण्यांना काय, नुसतं पीठ घालणारेस?"

"आपा, तुम्ही बघत बसलात की माझी पारी फाटतेच."

"बरं, मी डोळे मिटते. तू मिटू नकोस."

झानेरकेचे आईवडील लेकीच्या घरी पहिल्यांदाच येणार होते. त्या दिवशी सगळं तिनं एकटीनं केलं. मला घासताना हाड सापडलं. पोरांचं खेळणं पडलं असेल, म्हणून तिनं ते खिडकीत ठेवलं. मला ओरडून सांगायचं होतं. पण टोपाला तोंड कुठलं?

मांती चढल्या, झाकण पडलं, पाहुणे आले. सुनेनं चहाजवळ बसायचं आणि वाट्या अर्ध्याच भरत राहायचं, ही इथली रीत. भरलेली वाटी म्हणजे 'आता निघा'. त्यामुळे तिला उठता येईना. इकडे पाणी खाली खाली गेलं. तळ चटचटू लागला. जोडीदाराचा गळलेला तळ माझ्या डोळ्यांसमोर येत होता.

आतल्या खोलीत पाहुण्यांशी बोलताना आपा हसता हसता थांबल्या. "हाड का बोलत नाही?"

"कुठलं हाड?" झानेरके म्हणाली.

आपा धावत आल्या. चहाचं पाणी उकळायच्या सामोवारमधलं कढत पाणी माझ्यात ओतलं आणि मी फुसकन वाफ सोडली. तळ काळा पडला, पण टिकला.

करपट वास घेत विहीणबाई दारात आल्या. "काय केलं आमच्या पोरीनं?"

झानेरकेनं मान खाली घातली.

"तिनं काही नाही केलं, विहीणबाई," आपा म्हणाल्या. "मीच तिला अर्धं शिकवलं." आणि त्यांनी खिडकीतलं हाड उचलून सुनेच्या हातात दिलं.

आता झानेरके आधी हाड टाकते, मग पाणी. तरी झाकण पडलं की मी अजून घाबरतो. मित्रांनो, खडखड करणाऱ्याकडे कोणीही बघतं. जो गप्प झाला, त्याच्याकडे धावत या.